रजिस्टरात दोनदा आलेलं नाव

भाऊजींचं नाव मी या वहीत लिहीत नाही. घरातलं बाकी सगळं हिच्यात येतं. कोण आलं, कोण आजारी पडलं, पाणी किती वाजता गेलं, देवापुढे बसून काय मागितलं. पण गेली सहा वर्षं ते एक नाव माझ्या हाताने लिहिलेलं नाही. त्या नावावरून मी एकदा खोटं बोलले आणि त्याच दिवशी ठरवलं, की ज्या हाताने देवापुढे दिवा लावते त्या हाताने ते आता लिहायचं नाही. भाऊजी जाऊन आज महिना झाला. म्हणून आज सगळं सरळ लिहून काढते.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि नुकतेच जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना हाक मारली तेव्हा मी पदराआडून विचारलं, "काय म्हणालात?" सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तूसुद्धा विचार. सगळं गाव विचारतं."

आमचे सासरे पुस्तकं बांधायचे. भाऊजींच्या जन्माआधी महिनाभर त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक आलं होतं. पाठ मोडलेली, पानं सुटलेली. शिवताना एका पानावर त्यांना हे नाव दिसलं. विसरू नये म्हणून त्यांनी ते दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं. पुस्तक बांधून झालं, ज्याचं होतं तो घेऊन गेला.

"पुस्तकातला तो माणूस भला होता की चोर होता, एवढं तरी वाचायचं होतं!" सासूबाई म्हणायच्या.

"चोराला इतकं चांगलं नाव कोण ठेवेल?" सासरे म्हणायचे. तेवढ्यावर विषय संपायचा.

भाऊजी मात्र आयुष्यभर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत डोकावत राहिले. तो माणूस त्यांना कुठे भेटला नाही.

नाव चार अक्षरांचं, मधे एक जोडाक्षर. घाईत घेता यायचं नाही. ह्यांची थट्टा ठरलेली: "ह्याला रागवायचं म्हणजे आधी दम घ्यावा लागतो. तोवर राग जातो." लहानपणी मित्रांनी ते तोडून मोडून पाहिलं. तुकडा पाडला की काहीच उरायचं नाही, म्हणून शेवटी सगळे "ए" म्हणूनच हाक मारायला लागले. दुकानात फिरत्या स्टँडवर नावांच्या किल्लीच्या साखळ्या टांगलेल्या असतात ना, तो स्टँड भाऊजी दर वेळी पूर्ण फिरवायचे. साठीतला माणूस, डोळ्यांवर चष्मा, आणि एकेक साखळी सरकवून बघतोय. मी म्हणायचे, "अहो भाऊजी, करून घ्या की एखादी." ते म्हणायचे, "करून घेतलेली नको, वहिनी. आपोआप असलेली पाहिजे."

कचेरीत त्यांना 'एकमेव' म्हणायचे. साहेबसुद्धा शिपायाला सांगायचे, "एकमेवांकडे पाठव." टेबलावर मात्र त्यांनी स्वतःच्या नावाची लाकडी पाटी ठेवली होती, रोज पुसलेली. बाळाची नोंद करायला आलेले लोक आधी ती पाटी वाचायचे, मग त्यांच्याकडे बघायचे, मग पुन्हा पाटीकडे.

त्यांची कामाची एक पद्धत होती. नाव लिहायच्या आधी ते तीनदा मोठ्याने वाचून दाखवायचे. पहिल्यांदा आईकडे बघून, दुसऱ्यांदा बापाकडे बघून, तिसऱ्यांदा कुणाकडेच न बघता. मग पेन उचलायचे. एकटाच कुणी आला आणि दुसऱ्याची संमती आहे की नाही याची शंका वाटली, तर लिहायचे नाहीत. "घरी जाऊन विचारून या. हे पुसता येत नाही." रांगेतले लोक वैतागायचे. त्यांच्या हातून चुकीची नोंद झाल्याची एकही तक्रार छत्तीस वर्षांत आली नाही.

आणि दर जानेवारीत ते एक कागद करायचे. मागच्या वर्षात कोणतं नाव किती मुलांना ठेवलं गेलं, त्याचा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे जुडगे बांधत जायचे. कचेरीने सांगितलेलं नव्हतं, त्यांचं स्वतःचं वेड. त्यातलं ते इतकं रंगून सांगायचे, की भाजी चिरता चिरता माझा हात थांबायचा.

"नाव साथीसारखं येतं, वहिनी. आधी एका घरात. मग त्याच गल्लीत दोन. तिसऱ्या वर्षी सगळ्या गावाला लागण."

"मग पुढे?"

"पुढे शाळेत एका वर्गात सात जण. बाईंनी हाक मारली की अर्धा वर्ग उभा. मग लोकांना कंटाळा येतो आणि ते नाव एकदम बंद. वीस वर्षांनी बघावं तर नुसत्या आज्याच उरलेल्या."

"तुमच्या नावाला कधी लागण होणार?"

"माझं औषधालाही नाही," म्हणून हसायचे. कागदाच्या अगदी तळाशी ते दर वर्षी स्वतःचं नाव लिहायचे आणि समोर शून्य.

लग्न झालं नाही. एक-दोन ठिकाणी बोलणी झाली, बारगळली. लोक नावावर ढकलायचे. मला ते खरं वाटत नाही. ते फार हळू बोलायचे आणि लोकांना वाट बघायला आवडत नाही, एवढंच. सासू-सासरे गेल्यावर त्यांनी दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली आणि दर रविवारी चहाला आमच्याकडे येऊ लागले.

निवृत्त झाले त्या दिवशी ती लाकडी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून ते थेट आमच्याकडे आले. हे बाहेर गेले होते. चहा घेता घेता भाऊजींनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. चाळिशीत असताना एक रंगारी त्यांच्याकडे आला होता. हातांना रंग, पहिलाच मुलगा, नाव ठरलेलं नाही. त्याने पाटी वाचली, ओठ हलवून दोनदा मनाशी म्हटलं आणि म्हणाला, "साहेब, हेच लिहा. असं नाव मी ऐकलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी तीनदा वाचून दाखवलं. पेन उचललं. आणि विचारलं, बायकोला पसंत आहे का? तो म्हणाला, तिला कुठे माहितीये. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, उद्या विचारून या."

"आला का?"

"आला. दुसरं नाव घेऊन आला. त्या वर्षी सगळ्यात जास्त लागलेलं." कपातला चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच संपवला. "न विचारता लिहिलं असतं तर चाललं असतं, वहिनी. पण मग ते नाव माझ्याकडे बघत राहिलं असतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "मी आहे ना. आमच्या नातवाला ठेवू."

तेव्हा मुलाचं लग्नही ठरलेलं नव्हतं. असलं बोलायला काय जातं? भाऊजींनी नुसती पाटीवरच्या वर्तमानपत्राची घडी नीट केली.

पाच वर्षांनी सुनेला दिवस गेले. ज्या रविवारी त्यांना हे कळलं, त्याच्या पुढच्या रविवारपासून भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. नावाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीच मुलाकडे काढला.

"आई, काहीतरीच काय!" मुलगा म्हणाला. "शाळेत पोरं फाडून खातील त्याला."

"काकांना काही झालं का?"

"काकांना काय झालं ते तुला दिसत नाही?"

सून शांत मुलगी आहे, भांडत नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही शब्द दिलात, पण मूल माझं आहे. मला कुणी विचारलं?" भाऊजी तिथे असते तर त्यांनी तिचीच बाजू घेतली असती. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या दोघांनी जे नाव निवडलं ते त्या वेळी गल्लीत आधीच तिघांना होतं.

नातू झाला त्याच आठवड्यात भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. तिथल्या नर्सच्या जिभेवर त्यांचं नाव बसेना, ती "सात नंबर" म्हणायची. मी डबा घेऊन गेले तर नाकाला नळी, हात पांढरे पडलेले. मला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "नोंद झाली?"

"झाली."

"काय लिहिलं?"

नोंद आदल्याच दिवशी झाली होती. मी डब्याचं झाकण उघडत म्हणाले, "तुमचंच."

मग म्हणाले, "तीनदा वाचून दाखवलं का त्यांनी?"

"दाखवलं."

"सूनबाई होत्या?"

"होत्या."

मग ते भिंतीकडे वळले. उशी नीट करायला गेले तर ती ओली लागली.

आता जे लिहिणार आहे ते देवाला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. डॉक्टरांनी सकाळीच ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फारसं हातात राहिलेलं नाही. मला वाटलं, भाऊजी आता यातून उठणार नाहीत. जाताना सुखाने जाऊ देत. माझं खोटं त्यांच्या मरणावर उभं होतं.

ते उठले. दीड महिन्याने काठी घेऊन चालत आमच्या दारात आले, पाळण्यावर वाकले आणि बाळाला स्वतःच्या नावाने हाक मारली.

सून माझ्याकडे बघत होती. मी स्वयंपाकघरात निघून गेले. ते गेल्यावर मुलगा फाडफाड बोलला. "सांगून टाक त्यांना, नाहीतर मी सांगतो." मी म्हटलं, त्यांचं हृदय अजून कच्चं आहे, पुढच्या महिन्यात सांगू. पुढचा महिना कधी आला नाही. सून एकदाच बोलली, "माझ्या मुलाला एका घरात दोन नावं. तुम्ही निस्तरा."

मी रोज सकाळी देवापुढे घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याचं भलं मागते. नातवापाशी आले की माझी जीभ अडायची. खरं घेतलं तर भाऊजी डोळ्यांसमोर यायचे, खोटं देवापुढे कसं घेऊ? मी "बाळ" म्हणून पुढे जायचे.

जानेवारी आला. निवृत्तीनंतरही भाऊजी कागद करायला कचेरीत जायचे, जुनी माणसं त्यांना रजिस्टर बघू द्यायची. जो माणूस दर वर्षी गावातलं एकेक नाव मोजतो, त्याच्याशी मी नोंदीबद्दल खोटं बोलले होते! आजारातून उठलेत, यंदा जाणार नाहीत, असं मी मनाला सांगत होते. ते गेले. चार दिवस बसून आले, असं हे सांगत आले.

तो रविवार मला आठवतो. मी सकाळपासून दाराकडे कान लावून होते. ते आले, चपला नेहमीसारख्या कोपऱ्यात जोडून ठेवल्या. पिशवीतून बाळासाठी लोकरीची टोपी काढली. त्याला नावाने हाक मारली, त्याच नावाने, आणि टोपी घातली. "वहिनी, आज चहा थोडा कडक करा," म्हणाले. तेवढंच.

एवढ्या नोंदींत नजरेतून निसटलं असेल, असं मला वाटलं. संध्याकाळी देवापुढे बसून मी आभार मानले. खोटं पचलं म्हणून देवाचे आभार! तेही माझ्या वहीत त्या तारखेला लिहिलेलं आहे. कालच उघडून वाचलं.

मूल दोन्ही नावांना ओ द्यायला शिकलं. त्या नावाने हाक मारणारा घरात एकच माणूस होता, त्यामुळे त्याला कधी गोंधळ वाटला नाही. हाक आली की समजायचं, छोटे आजोबा आले. चार वर्षांचा झाल्यावर एके दिवशी तो त्यांच्या मांडीवर बसून म्हणाला, "छोटे आजोबा, माझं शाळेतलं नाव वेगळं आहे." मी ओट्यापाशी होते.

भाऊजी म्हणाले, "असतंच की. शाळेतलं शाळेत. इथलं इथे."

"तुमचंसुद्धा होतं का शाळेतलं?"

"माझं एकच. मला बदलायला दुसरं दिलंच नाही कुणी."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण सुटले असं वाटलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारणीने सकाळी निरोप पाठवला. खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. चष्मा नाकावर तसाच.

मृत्यूची नोंद करायला मी ह्यांच्याबरोबर गेले. ह्यांचं पाऊल त्या पायऱ्यांवर उचलेना, म्हणून खिडकीशी मीच उभी राहिले. भाऊजींच्या टेबलाच्या जागी आता कॉम्प्युटर आहे आणि एक तरुण मुलगी बसते. मी नाव सांगितलं.

"हे आडनाव का?"

"नाव."

"पुन्हा सांगा?" मी सांगितलं. तिने टाइप करून पडदा माझ्याकडे वळवला. "बघून घ्या, बरोबर आहे ना?"

"मोठ्याने वाचून दाखवता का?"

तिने वाचलं. अडखळली, पण वाचलं.

"अजून दोनदा."

"आजी, मागे लोक थांबलेत हो."

"इथे पूर्वी एक जण होते, ते तीनदा वाचायचे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा अगदी स्वच्छ, जसं सासूबाई हाक मारायच्या तसं. मी विचारलं, हे नाव याआधी तुमच्याकडे कधी आलं होतं का? तिने दोन-चार बटणं दाबली. "एकदाच दिसतंय. जुन्या जन्माच्या नोंदीत." मग म्हणाली, "पण ते हेच असतील. जन्मतारीख तीच आहे."

दाखला घेऊन आम्ही घरी आलो.

त्यांची खोली मागच्या आठवड्यात रिकामी केली. फार काही नव्हतंच. कपडे, भांडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पाटी आणि कागदांचा एक पत्र्याचा डबा. डबा मी घरी आणून एकटीने उघडला. सत्तेचाळीस वर्षांचे सत्तेचाळीस कागद, तारखेनुसार लावलेले. वरवर चाळले तेव्हा तळाशी त्यांचं नाव आणि समोर शून्य. शून्यही कसं, एका ओळीत काढल्यासारखं सारखं.

नातवाच्या वर्षाचा कागद शोधला. सगळ्यात वर त्याचं खरं नाव, समोर बारा जुडगे आणि दोन सुट्या रेघा. बासष्ट. त्यातली शेवटची रेघ बाकीच्यांपासून बोटभर लांब काढलेली होती आणि इतकी दाबून, की कागदाच्या मागे उठली होती.

तळाशी त्यांचं नाव होतं. समोर काहीच नव्हतं. शून्यही नाही. नुसती कोरी जागा.

त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा शून्य. त्याच्याही पुढे शून्य.

चार दिवस ते त्या रजिस्टरासमोर बसले होते. तिथून उठून ते टोपी घ्यायला गेले. पाच वर्षं दर रविवारी त्यांनी माझं खोटं माझ्यासमोर मोठ्याने उच्चारलं, ते मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून. मला वाटत राहिलं की त्यांना फसवून मी त्यांना सांभाळतेय. चुकीची नोंद त्यांनी कधी केली नाही. मला खोटंही ठरवलं नाही. म्हणून ती जागा कोरी.

ह्यांना कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

काल दुपारी नातू गॅलरीत एकटा खेळत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मनात आलं, त्या नावाला ओ देणारा जगात आता हा एकटाच आहे, आणि हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. कागद नाही तर नाही, पण तोंडात तरी राहील. मी दारात उभी राहिले, दम घेतला आणि त्याला त्या नावाने हाक मारली.

तो लगेच उठला. खेळणं टाकून धावत आला. पण माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. माझ्या बाजूने पळत तो बाहेरच्या दारापाशी गेला, कडी काढली आणि जिन्यात वाकून बघितलं. मग चपला ठेवायच्या त्या कोपऱ्यात.

"कुठे आहेत?" त्याने विचारलं.

मी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. पुन्हा ती हाक मारली नाही.